जोंगा घ्यायची, पण इंजिन कुणाचं?

‘आबांसाठी जोंगा घ्यावी म्हणतोय,’ असे ह्यांनी गेल्या दिवाळीत फराळ करता करता जाहीर केले, तेव्हा मला आधी ती म्हशीची जात वाटली. मुऱ्हा, जाफराबादी, पंढरपुरी, तशी जोंगा! आमच्याकडे गोठा आहे आणि आबांना दुभत्या जनावराची हौस आहे. तेव्हा माझं अगदीच चुकलं असं कुणी म्हणू नये. चिरंजीव चकली हातात धरून हसत सुटले आणि त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. उंच, चौकोनी नाकाची, हिरवीगार, जीपची थोरली बहीण शोभावी अशी एक गाडी.

आबा म्हणजे माझे सासरे. आमचा सातारा जिल्हा फौजी माणसांचा. अपशिंगे गावाला तर सगळे ‘मिलिटरी अपशिंगे’ असंच म्हणतात. आमचं गाव तेवढं नावाजलेलं नाही, पण आबा १९६५ साली अठराव्या वर्षी भरती झाले आणि लष्कराच्या रसद पोचवणाऱ्या खात्यात, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, ड्रायव्हर म्हणून लागले. बंगळूरला ट्रेनिंग झाले आणि पुढची सगळी नोकरी डोंगरातल्या रस्त्यांवर गेली. शक्तिमान ट्रक चालवला, निस्सानचा वन टन चालवला. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या दोन नावांच्या गोष्टी मी इतक्या ऐकल्या आहेत की ती दोघं आमचे चुलत दीर असावेत असं वाटायचं. जोंगाचं नाव मात्र कानावर आलं नव्हतं. कारण जोंगा साहेबलोकांची आणि आबा रसदीच्या गाडीवर. तिच्या मागून त्यांनी धूळ पुष्कळ खाल्ली, पण ती चालवायची राहून गेली.

सासूबाई गेल्यापासून आबा फारसं बोलत नाहीत. ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहतात. तेव्हा ह्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. पण पैसे माझे होते. प्राथमिक शाळेतून निवृत्त होताना जे हातात आले त्यातले साडेचार लाख मी गच्चीसाठी बाजूला ठेवले होते. आमची गच्ची तीन पावसाळे गळते आहे. मी ह्यांना सांगितलं, ‘गाडी घ्यायला माझी ना नाही. पण पैसे माझे, तेव्हा बघायला मी येणार आणि मला पटली तरच घ्यायची.’ ‘तुला गाडीतलं काय कळतं?’ असं हे म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर होतं. तिथूनच माझा अभ्यास सुरू झाला.

जोंगा हे नाव जबलपूरच्या शस्त्रास्त्र आणि तोफगाडा कारखान्यांच्या इंग्रजी नावांतली आद्याक्षरे जुळवून केलेले आहे. मूळ गाडी जपानी, निस्सान कंपनीची पेट्रोल. (हे गाडीचं नाव हो, गस्त घालणारी ती पेट्रोल! नाहीतर इंधनाशी घोटाळा व्हायचा.) १९६९ पासून जवळजवळ तीस वर्षे जबलपूरच्या वाहन कारखान्यात ती आपल्या लष्करासाठी तयार होत होती. इंजिन सहा सिलिंडरचे, चार लिटरचे, आणि इंधनही पेट्रोलच. पुढे लष्कराने हलक्या गाड्या घेतल्या आणि जोंगा निवृत्त होऊ लागल्या. निवृत्त गाड्यांचा लिलाव होतो. त्या पंजाब-हरियाणाकडच्या गॅरेजवाल्यांकडे जातात, भंगारवाल्यांकडे जातात, हौशी लोकांकडे जातात. हरियाणातली डबवाली मंडी तर जुन्या लष्करी जीपगाड्या नटवून विकण्यासाठी प्रसिद्धच आहे.

आणि इथेच इंजिनाची गोष्ट सुरू होते. लष्कराला लिटरमागे किती किलोमीटर पडतात ह्याची काळजी नव्हती. तुमच्या-माझ्या घरात ती पहिली. जोंगा लिटरला चार-पाच किलोमीटर देते. म्हणून जिच्या तिच्या पोटातून मूळचे इंजिन काढून टेम्पोचे किंवा लहान ट्रकचे डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत पडली. विकायला येणाऱ्या पुष्कळ जोंगांचं इंजिन असं परक्या घरचं असतं.

पहिली गाडी आम्ही पुण्याच्या बाहेर एका गॅरेजात बघितली. गॅरेजचे नाव सांगत नाही. ताजा हिरवा रंग, पुढे लष्करी पद्धतीची पाटी, त्यावर वर तोंड केलेला बाण आणि पुढे ७४. हा बाण म्हणजे लष्कराच्या मालकीची खूण आणि पुढचे दोन आकडे गाडी लष्करात दाखल झाल्याचे साल. किंमत सव्वापाच लाख. ‘ताई, विंटेज आहे, विंटेज,’ असं मालक दर दोन वाक्यांनी म्हणत होता. ‘आणि इंजिनचं तर बघूच नका. डिझेल टाकलंय. पेट्रोल चार देतं, हे बारा देतंय.’

आम्ही गावातले ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका बरोबर नेले होते. त्यांनी बॉनेट उघडून आधी काय केले असेल? इंजिनाला हात लावला. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘वहिनी, चहा आधीच उकळून ठेवलाय.’ इंजिन गरम होतं. आम्ही यायच्या आधी ते सुरू करून ठेवलं होतं. जुनं इंजिन गरम असलं की सगळे दुर्गुण लपतात. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा आधीच सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत किल्ली फिरवायची नाही. थंड इंजिन किती वेळात उठतं, उठताना किती कण्हतं, मागून कुठल्या रंगाचा धूर सोडतं, ह्यात निम्मी परीक्षा होऊन जाते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा आणि थांबतच नसेल तर पाणी आत जात असण्याचा संशय घ्यावा.

काकांनी मग चालू इंजिनावरचं ऑइल भरायचं झाकण काढलं. त्यातून वाफ फुसफुस करत बाहेर यायला लागली, शिट्टी निघालेल्या कुकरसारखी. म्हणजे आतल्या रिंगा झिजल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला कॉफीत साय कालवावी तसा थर असता तर पाणी आणि ऑइल एकत्र झालं असं समजायचं. तो नव्हता, एवढंच त्या बिचाऱ्या इंजिनाच्या बाजूने.

मग काका गाडीखाली शिरले. त्यांनी जे समजावलं ते मला शिवणकामावरून चटकन पटलं. एका ब्लाउजची बाही दुसऱ्याला जोडली तर टाके घालता येतात, पण बगलेत ताण पडतोच. डिझेल इंजिन जड. त्याने पुढचे पाटे बसतात. ते थरथरतं जास्त. माउंटिंग नीट नसेल तर चासीला जिथे वेल्डिंग केलंय तिथे तडे जातात. गिअरबॉक्स जुनाच ठेवून मधे एक जोडपट्टी घालतात, ती सरळ बसली नाही तर क्लच आणि गिअरचे दात दोन्ही जातात. डिझेल इंजिन पेट्रोलइतकं वेगाने फिरत नाही, पण गिअर मात्र पेट्रोलच्या हिशोबाने कापलेले. त्यामुळे गाडी सपाट रस्त्यावरही धापा टाकते. आणि ब्रेक! ब्रेकला बूस्टर असेल तर तो पेट्रोल इंजिनाच्या ओढीवर चालतो. डिझेलला तशी ओढ नसते, त्यासाठी वेगळा पंप लावावा लागतो. ‘पंप कुठंय?’ काकांनी विचारलं. मालक म्हणाला, ‘ब्रेक लागतात की!’ काका काही बोलले नाहीत. आमच्या गावाला यायला खंबाटकी उतरावी लागते, एवढं मी मनात म्हटलं.

तरीही हे विरघळत चालले होते. ‘चाळीस-पन्नास हजार घालून होईल सगळं,’ म्हणायला लागले. तेव्हा मी पर्समधून पेन्सिल आणि पातळ कागद काढला. आर.टी.ओ.त चासी नंबरचा पेन्सिलीने छाप घेतात हे तुम्हाला माहीत असेल. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो, तसंच. चासीचा छाप घेतला, तो आर.सी.शी जुळला. इंजिनचा नंबर रंगाखाली बुजला होता. रॉकेलच्या फडक्याने पुसून छाप घेतला. जुळला नाही. जुळणार कसा? आर.सी.वर इंजिन मूळचे, आणि इंधनाच्या रकान्यात स्वच्छ लिहिलेले, पेट्रोल. म्हणजे सरकारदरबारी ही गाडी अजून पेट्रोलवर चालत होती. नव्या इंजिनाचे बिल मागितले, तर ते ‘दिल्लीला राहिलंय’.

‘ताई, आर्मीच्या गाड्यांत नंबर असेच असतात,’ मालक म्हणाला.

घरी येऊन रात्री जेवताना मी आबांना सगळं सांगितलं. गुपित फुटलं म्हणून हे रुसले, पण आबांनी भाकरी खाली ठेवली आणि कितीतरी महिन्यांनी पाच मिनिटं सलग बोलले. ‘सूनबाई, तो माणूस अर्धं खरं बोलला. फौजेत इंजिन बदलायचंच. गाडी थकली की बेस वर्कशॉपला जायची. एकीचं इंजिन उतरवायचं, दुरुस्त होऊन ठेवलेलं दुसरं चढवायचं. आपलं तेच इंजिन परत कशाला बघत बसायचं? पण वन टनला वन टनचं, शक्तिमानला शक्तिमानचं. आणि चढवलं की लॉगबुकात नंबर पडायचा. न लिहिता एक नट हलायचा नाही.’

माझ्या डोक्यात जे घोळत होतं ते आबांनी एका वाक्यात सोडवलं. इंजिन बदललेलं असणं हा दोष नाही. पन्नास वर्षांच्या गाडीत मूळचं इंजिन धड उरलं असेल असं धरून चालणंच भाबडेपणाचं. विचारायचं ते एवढंच, की आत बसवलंय ते कुठलं आणि त्याची नोंद कुणी केली आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी आर.टी.ओ.त गेले. शाळेत एवढी वर्षं जनगणना आणि निवडणुकीची कामं केलेल्या बाईला सरकारी खिडकीची भीती नसते. तिथे समजलं ते असे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवून दिलेल्या गाडीत मालकाने मनाला येईल तसा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितले. मात्र त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन बदलून बसवायला कायदा आडवा येत नाही. बदलल्यापासून १४ दिवसांत कळवायचे आणि आर.सी.वर नवा नंबर चढवून घ्यायचा. पेट्रोलच्या जागी कुठल्याशा टेम्पोचे डिझेल म्हणजे वेगळी गोष्ट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला, दर बदलामागे, पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे झालं कायद्याचं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने ‘आम्ही विमा उतरवला ती गाडी ही नव्हेच’ म्हणून बोट ठेवलं, तर आपण काय उत्तर देणार?

आणखी दोन गोष्टी तिथेच कळल्या. एक, त्या मालकाचा ताजा हिरवा रंग. लष्करी हिरवा रंग, ज्याला ऑलिव्ह ग्रीन म्हणतात, तो संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणाच्याही गाडीला द्यायची परवानगी नाही. म्हणजे ज्या रंगावर आमचे हे भाळले होते तोच मुळी चालणार नव्हता. दुसरी, ते ‘विंटेज’. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, शिवाय तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आणि अशी नोंद झालीच तर ती गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. तेव्हा डिझेल बसवलेली गाडी विंटेज म्हणून विकणं हे उपवासाची मिसळ म्हणून पाव वाढण्यापैकी झालं.

राहता राहिला डिझेलच्या बचतीचा मुद्दा. तो मी हिशोबाच्या वहीत मांडला. पेट्रोल शंभरीच्या पुढे, म्हणजे जोंगाला किलोमीटरला तेवीस-चोवीस रुपये. डिझेलने नऊच्या आसपास. किलोमीटरमागे चौदा रुपये वाचतात खरे. पण आम्ही ती चालवणार किती? शेतापर्यंत, आठवड्याच्या बाजाराला, कधी वाईला. महिन्याला शंभर किलोमीटर धरा. चौदाशे रुपये. महिना चौदाशे रुपयांसाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विनानोंदीच्या गाडीत बसवायचं का, असं मी विचारलं. हे गप्प बसले. रोजच्या धंद्याला गाडी लागणाऱ्यांचा हिशोब वेगळा येईल. पण त्यांनी मग जुनी लष्करी गाडी घ्यावीच कशाला, हे मला कळत नाही.

दुसरी गाडी फेब्रुवारीत नगरकडे मिळाली. ह्या वेळी आबांना घेऊन गेलो. मालक साठीचे गृहस्थ. त्यांच्या कैलासवासी भावाने हौसेने घेतलेली गाडी, आता दारात उभी. दिसायला अगदी दरिद्री. सीट फाटलेले, सायलेन्सर गंजलेला, बॅटरी मेलेली, हँडब्रेक नावालाच. स्टिअरिंग इकडून तिकडे चार बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता नाही. आणि रंग फिकट निळा. आबा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, ‘हवाई दलाची दिसतीय.’

पण त्या गृहस्थांनी कपाटातून एक फाईल काढली आणि मला ती गाडीपेक्षा सुंदर वाटली. लष्कराकडून गाडी विकत घेतल्याचा मूळ दाखला, फॉर्म २१. माजी लष्करी गाडीची पहिली नोंदणी ह्या दाखल्यावर होते. तो हरवला असेल तर पुढे फार हाल. मग नूतनीकरणाच्या पावत्या. आणि २००८ साली इंजिन बदलल्याचं बिल, आर.सी.वर नव्या नंबरासकट. मी पेन्सिल काढली. दोन्ही छाप जुळले.

‘इंजिन कुठलं बसवलंय?’ मिस्त्रीकाकांनी विचारलं.

‘वन टनचं,’ मालक म्हणाले. ‘भावाला जोंगाचं मिळेना. दोन्हीचं इंजिन निस्सानचं, एकच.’

आबांनी काही विचारलं नाही. आम्ही सोबत नेलेली बॅटरी जोडली. थंडीतल्या सकाळी इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. थोडा निळसर धूर आला आणि मिनिटाभरात गेला. आबा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, गायीच्या पाठीवर ठेवावा तसा. किती तरी वेळ. मग काकांना म्हणाले, ‘एका व्हॉल्व्हचा आवाज येतोय. बाकी ठीक आहे.’ नंतर काकांनी उघडून बघितलं तेव्हा व्हॉल्व्हची फट खरंच वाढलेली निघाली.

मालकांनी चार लाख सांगितले होते. सायलेन्सर, स्टिअरिंग आणि टायर ह्यांवर बोट ठेवून मी तीन लाख चाळीसवर आणले. टायरचं मला काकांनी आधीच सांगितलं होतं. नक्षी चांगली दिसत होती, पण बाजूच्या रबराला वाळलेल्या पापडासारख्या भेगा होत्या. जुन्या, उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर चालून झिजत नाहीत, वय होऊन फाटतात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, नगरचा ना-हरकत दाखला, मग साताऱ्याला नाव चढणं, ह्यात दोन महिने गेले. त्या काळात गाडी आणली नाही आणि पैसेही सगळे दिले नाहीत. हे दोनदा म्हणाले, ‘अगं, माणूस चांगला आहे, देऊन टाकू.’ चांगला होताच. पण नाव चढायच्या आत त्यांना काही झालं असतं तर आम्ही वारसदारांच्या दारात कुठे हिंडणार होतो?

दुरुस्तीला सत्तर हजार धरले होते, लाखाच्या पुढे गेले. ब्रेक चारही चाकांचे नवे केले, त्यात मी हात आखडला नाही. सीट मात्र मीच शिवले, जुन्या गोधडीच्या आतलं कापड आणि बाजारातलं रेक्झीन घेऊन. हिरवं रेक्झीन. सीटला हिरव्याची बंदी नाही, हे मी विचारून घेतलं आहे.

आबा रस्त्यावर चालवत नाहीत. तिथे चिरंजीव असतात. पण शेताच्या वळणापासून गोठ्यापर्यंतचा अर्धा किलोमीटर त्यांचा. त्या अर्ध्या किलोमीटरला ते कधी कधी पाऊण तास घेतात. परवा मी बरोबर होते. ओढ्याच्या चढावर त्यांनी गिअर बदलला आणि एकदम म्हणाले, ‘साहेबाची गाडी आहे, पण आवाज आपल्याच वन टनचा.’ मग बोमडिलाच्या रस्त्यावरची एक गोष्ट सांगितली. ती मी आधी ऐकलेली नव्हती.

गच्चीचे पैसे अर्थातच उरले नाहीत. ह्या पावसाळ्यात वर ताडपत्री आहे. आबांनीच बांधली. गाठी फौजी आहेत; परवाच्या वाऱ्यात शेजारच्यांचा पत्रा उडाला, ती हलली नाही.